आमची चटणी ऑनलाइन नेताना लागलेल्या ठेचा

पुण्यातून एका काकूंचा फोन आला होता, २०२१ चा जून असेल. "अहो तुमची चटणी मागवली, पण इडलीबरोबर काही लागेना हो, घशात नुसता जाळ." मला दोन मिनिटं कळेचना की आमची चटणी कुणी इडलीबरोबर का खाईल. काकूंनी म्हणे दह्यात कालवली, मग तेलात कालवली, मग मुलाने पाण्याचा तांब्याच तोंडाला लावला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडे कांदा लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात, वर्षाची चटणी झाली का, आमटीत दोन चमचे चटणी टाक, असंच बोलणं. आणि आम्ही पाकिटावर ठळक अक्षरात काय छापलेलं, तर 'घरगुती चटणी'. पुण्या-मुंबईच्या माणसाला चटणी म्हणजे शेंगदाण्याची नाहीतर जवसाची, ताटात डावीकडे वाढायची. आम्हाला त्यात काही चुकीचं वाटलंच नव्हतं कारण आम्ही जन्मापासून तोच शब्द ऐकत आलोय.

काकूंची माफी मागितली, आमटी कशी करायची ते फोनवरच सांगितलं आणि त्या दिवसापासून ब्रँडिंग नावाच्या गोष्टीबद्दल जरा गंभीरपणे विचार करायला लागले. त्याआधी मला वाटायचं ब्रँडिंग म्हणजे लोगो.

सुरुवात कशी झाली ते सांगते. आम्ही तासगावजवळच्या एका गावात राहतो, घरची द्राक्षबाग आहे, मी आधी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, तो लॉकडाऊनमध्ये बंद पडला. सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, यांच्या हाताची चटणी भावकीत प्रसिद्ध. दर उन्हाळ्यात नणंद चिंचवडहून यायची आणि पाच किलो घेऊन जायची. २०२१ च्या एप्रिलला पुन्हा लॉकडाऊन लागला आणि तिला येता येईना, म्हणून डबा बांधून कुरिअरने पाठवला, तिने तो सोसायटीत चार जणींना चाखवला, आणि महिनाभरात चौदा किलोची मागणी आली. आत्या म्हणाल्या, "आता विकायचीच हाय तर नीट वजन करून विका, फुकटचं कौतुक नको." झालं, धंदा सुरू.

पहिले दोन महिने सगळा कारभार माझ्या पर्सनल व्हॉट्सॲपवर. मुलाच्या शाळेचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, बचत गटाचा ग्रुप आणि मधेच 'ताई १ किलो पाठवा, पत्ता तोच'. तोच म्हणजे कुठला? एकीची चटणी दुसरीकडे गेली, एकीने पैसे पाठवले ते मी बघितलेच नाहीत, एकीला दोनदा पाठवली (ती प्रामाणिक होती, तिने कळवलं). मग एक दुसरं सिम घेतलं आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं. ते फुकट आहे आणि छोट्या धंद्याला निम्मं काम तिथंच होतं असं माझं प्रामाणिक मत. त्यात लेबलं लावता येतात, मी 'पैसे यायचेत', 'कुटायचंय', 'पाठवलं', 'परत विचारायचं' अशी चार केली. कॅटलॉगमध्ये पाकिटांचे फोटो आणि भाव टाकले. क्विक रिप्लाय म्हणून असतं, एक खूण टाइप केली की ठरवलेला मजकूर येतो, त्यात भाव, कुरिअरचा खर्च, किती दिवसांत पोचेल, किती तिखट आहे, वर्षभर टिकते का, असं सगळं एकदाच लिहून ठेवलं. हे मी स्वतःच्या मनाने नाही लिहिलं बरं का, पन्नास-साठ चॅट वर जाऊन बघितले आणि लोक काय काय विचारतात ते वहीत उतरवलं. सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न भावाचा नव्हता. 'लहान मुलं खातात, फार तिखट नाही ना?' हा होता. म्हणून आम्ही मध्यम आणि झणझणीत असे दोन प्रकार केले, मध्यममध्ये बेडगी जास्त, ती रंग देते आणि जाळ कमी, झणझणीतमध्ये लवंगी वाढवली. म्हणजे नवीन प्रॉडक्टची कल्पना सुद्धा चॅटमधनंच निघाली.

तिथंच एक मोठी ठेच लागली ती ब्रॉडकास्टची. एका यादीत २५६ जण बसतात, माझ्याकडे १८० नंबर होते, म्हटलं झालं काम, दिवाळीच्या आधी सगळ्यांना एक मेसेज टाकला की ताजी चटणी तयार आहे. नऊ जणांचं उत्तर आलं. मला वाटलं लोकांना आपली चटणी आवडली नाही, चक्क रडू आलं हो त्या दिवशी. मग कळलं की ब्रॉडकास्ट त्यालाच पोचतो ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. मी त्यांचे सेव्ह केले होते, त्यांनी माझा कशाला करावा? तेव्हापासून पार्सलमध्ये एक चिठ्ठी घालते, 'हा नंबर चटणीवाली ताई म्हणून सेव्ह करा, नवीन घाणा निघाला की कळवीन', आणि पैसे आले की फोटो पाठवते त्याच्याखाली पण तेच लिहिते. पुढच्या वर्षी त्याच प्रकारच्या मेसेजला सत्तरेक उत्तरं आली. (घाणा म्हणजे आमच्याकडे एका वेळी कुटलेला माल. एका मुंबईच्या बाईंनी विचारलं होतं घाण कसली निघाली म्हणून. तोही शब्द मग बदलला.)

नावाचं सांगते आता. घरात बैठक बसली, दिराने सुचवलं 'गावरान' काहीतरी, ह्यांनी सुचवलं 'कोल्हापुरी' काहीतरी, मी म्हटलं आपण सांगली जिल्ह्यात, कोल्हापुरी कसं लावायचं, तर म्हणे सगळेच लावतात. ओळखीच्या एका ट्रेडमार्कवाल्याकडे, म्हणजे ब्रँडचं नाव सरकारदरबारी आपल्या नावावर नोंदवून देणाऱ्याकडे, गेलो. त्यांनी शांतपणे समजावलं की गावरान, घरगुती, अस्सल, झणझणीत हे शब्द माल कसा आहे ते सांगतात, ते बाजारात सगळ्यांचे असतात, त्यावर एकट्याचा हक्क मिळणं अवघड. दुसरं एक नाव आम्हाला फार आवडलेलं, ते ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोधलं तर त्याच्यासारखंच नाव मसाल्याच्या वर्गात आधीच कुणाच्यातरी नावावर. मसाले तीस नंबरच्या वर्गात येतात. हे शोधणं फुकट आहे, कुणीही करू शकतं, आणि लोगोवर पैसे घालायच्या आधी करावं हे मला लोगो करून झाल्यावर कळलं. साडेतीन हजाराचा लोगो, लाल मिरचीतून ज्वाळा निघतायत असा, तो अजून कॉम्प्युटरमध्ये पडून आहे.

शेवटी आत्यांच्या माहेरच्या मळ्याचं नाव घेतलं. इथे सांगत नाही, उगाच जाहिरात वाटेल. बोलायला सोपं, फोनवर सांगितलं तर समोरच्याला एका दमात लिहिता येतं, आणि ते नाव ऐकलं की आत्या पाच मिनिटं माहेराबद्दल बोलतात, तेच पुढे व्हिडिओत कामाला आलं. ट्रेडमार्कच्या अर्जाची फी ऑनलाइन साडेचार हजार, व्यक्तीच्या किंवा छोट्या उद्योगाच्या नावावर असेल तर. अर्ज केल्या केल्या नावाशेजारी टीएम (ट्रेडमार्क) लावता येतं पण गोलातला आर (रजिस्टर्ड) मात्र नोंदणी पूर्ण झाल्यावरच लावायचा, आधी लावला तर गुन्हा होतो. आम्ही उत्साहात लावून बसलो होतो, छपाईवाल्याने नाही, ट्रेडमार्कवाल्यानेच वेळेत थांबवलं. मग तपासणी, मग त्यांच्या जर्नलमध्ये छापून येणं, मग कुणाची हरकत आहे का म्हणून चार महिने वाट, असं करत सर्टिफिकेट यायला दीड वर्षाच्या वर गेलं. दहा वर्षं चालतं, मग रिन्यू.

ह्याच काळात उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ती पण केली आणि तिथं मी मूर्ख बनले. गुगलवर शोधलं, वर जी साइट आली तिच्यावर तिरंगा, अशोकस्तंभासारखं चित्र, मी फॉर्म भरला, दीड हजार भरले. सर्टिफिकेट आलं खरं, पण उद्यमची नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट असते. कॉम्प्युटर शिकवणारी बाई मी! ह्यांना अजून सांगितलेलं नाही, आता वाचतील.

पाकिटाबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार कारण सगळ्यात जास्त पैसा आमचा तिथं बुडला. आधी कायद्याचं. खायचा माल विकायचा तर फूड रजिस्ट्रेशन लागतं, आम्ही काढलं तेव्हा बारा लाखांपर्यंतच्या उलाढालीला वर्षाला शंभर रुपये फी होती, पाच वर्षांचं एकदम काढलं. चौदा आकडी नंबर मिळतो तो पाकिटावर छापायचा. त्याशिवाय हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका, घटक पदार्थ जास्त वजनापासून कमी वजनाकडे उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, कुटल्याचा महिना-वर्ष, कधीपर्यंत चांगली, बॅच नंबर, पोषणाचा तक्ता, आमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. एवढं सगळं दोनशे ग्रॅमच्या पाकिटावर बसवून दाखवा! डिझाइन करणाऱ्या पोराने छान काळं पाकीट केलं, त्यावर गडद लाल अक्षरं, लोगो भलामोठा, आणि हे सगळं मागे मुंगीएवढ्या अक्षरात. कॉम्प्युटरवर झकास दिसत होतं. आत्यांच्या हातात दिलं तर त्यांनी उलटसुलट करून विचारलं, "ह्यात हाय काय?" पुढच्या बाजूला मसाला हा शब्दच नव्हता.

आणि आम्ही अशी तीन हजार पाकिटं छापून घेतली, कारण छापील पाकीट कमी संख्येत आम्हाला करून मिळेना. किंमतही छापलेली. सहा-सात महिन्यांत मिरचीचा भाव चढला, खोबरं चढलं, जुन्या किमतीत विकलं तर घरातून पैसे घालावे लागतील अशी वेळ. छापील किमतीवर जास्तीच्या किमतीचा स्टिकर चिकटवणं हे चालत नाही. पंधराशेच्या वर पाकिटं रद्दी. आत्या त्यात आता बी-बियाणं ठेवतात, भोपळ्याचं बी, घेवड्याचं बी, ब्रँडेड एकदम.

मग आलो सध्याच्या पद्धतीवर, साधं जाड पाकीट, झिपवालं, पुढे एक स्टिकर आणि मागे एक. किंमत आणि तारीख आमची आम्ही छोट्या प्रिंटरवर मारतो. स्टिकर पहिल्यांदा कागदाचा केला तर आमच्या चटणीत कांदा-खोबरं तेलात परतलेलं असतं, पाकीट भरताना हात तेलकट, कागद तेल पितो आणि दोन दिवसांत अक्षरं पिवळी. प्लॅस्टिकचा स्टिकर रुपयाभराने महाग पडतो पण घ्यावाच लागतो. आता पुढच्या स्टिकरवर सगळ्यात मोठं 'कांदा लसूण मसाला', त्याच्याखाली बारीक 'आमच्याकडची वर्षाची चटणी', मग किती तिखट ते दाखवायला मिरच्यांची चित्रं, आणि 'आमटी, रस्सा, उसळ यांसाठी'. ती शेवटची ओळ इडलीवाल्या काकूंच्या नावे. स्टिकर पास करायचा आमचा नियम असा की आत्यांनी चष्मा न लावता हातभर अंतरावरून वाचून दाखवायचा. डिझाइनवाला पोरगा वैतागतो पण दुकानात रॅकवर ठेवलेलं पाकीट गिऱ्हाईक तेवढ्याच अंतरावरून बघतं.

२०२१ च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत आम्ही एका एजन्सीला महिन्याला नऊ हजार देत होतो, सोशल मीडिया सांभाळायला. पोरं वाईट नव्हती, कष्ट करायची, पण त्यांना आमच्या मालातलं काही माहीत नव्हतं आणि विचारायचीही नाहीत. रोज एक पोस्ट. जागतिक इमोजी दिन, मैत्री दिन, अभियंता दिन, प्रत्येकाला शुभेच्छा आणि कोपऱ्यात आमचं पाकीट. अभियंत्यांचा आणि चटणीचा काय संबंध ते मला आजवर समजलं नाही. मग फॉलो करा आणि जिंका अशी स्पर्धा घेतली, फॉलोअर एकदम चार हजार झाले, महिन्याच्या रिपोर्टमध्ये हिरवे बाण वर वर. सहा महिन्यांत चोपन्न हजार गेले आणि इन्स्टावरून आलेल्या ऑर्डरी मी वहीत मोजल्या, अकरा. चूक माझीपण आहे, मी त्यांना कधी ऑर्डरी किती आणाल हे विचारलंच नाही, रिपोर्टमधले लाइक बघून खूश व्हायचे. स्पर्धेतनं आलेली निम्मी माणसं तर कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातली, बक्षीस गोळा करत फिरणारी, त्यांना मसाल्याशी काय देणंघेणं.

एजन्सी बंद केल्यावर महिनाभर पेज तसंच पडलं. मग फेब्रुवारीत नणंदेचा मुलगा सुट्टीला आलेला, त्याने आत्यांच्या मागे फोन धरला. आत्या मिरचीचे देठ काढत बसलेल्या आणि बडबडत होत्या, की बेडगीला सुरकुत्या पाहिजेत, मिरची हलवली की आत बी वाजलं पाहिजे, नाही वाजलं तर ओली हाय, बुरशी येणार. दगडफूल का घालायचं, खोबरं किती लाल करायचं, डंकावर कुटताना मधे मधे हात का घालायचा नाही. मागे डंकाचा धाड धाड आवाज. काहीही एडिटिंग नाही, उजेड पण धड नाही. ते रील आमच्या आधीच्या सगळ्या पोस्टींपेक्षा जास्त लोकांनी बघितलं, आणि मुख्य म्हणजे लोक एकमेकांना पाठवायला लागले, 'आजीची आठवण आली' वगैरे. खाली कमेंटमध्ये ओळीने, भाव काय, भाव काय, रेट? मी प्रत्येकाला इनबॉक्समध्ये या म्हणून लिहीत बसले कारण मोठे मोठे पेज असंच करतात. एकाने वैतागून लिहिलं, ताई मिरची विकताय का सोनं? बरोबर होतं त्याचं. तेव्हापासून भाव उघड लिहितो, किलोला इतके, अर्ध्या किलोला इतके, कुरिअर वेगळं. ज्यांना परवडत नाही ते विचारतच नाहीत, आपला पण वेळ वाचतो.

आता पैसे देऊन केलेल्या जाहिराती. पहिल्यांदा दिवाळीत बूस्टचं बटण दाबलं होतं, म्हणजे पैसे भरले की आपली पोस्ट जास्त लोकांना दाखवतात ते, पंधराशे रुपये, पूर्ण महाराष्ट्र, वय अठरा ते पासष्ट, बाई-पुरुष सगळे. लाइकांचा पाऊस आणि दोन ऑर्डरी. नीट विचार केला तर दिवाळीत कोण वर्षाचा मसाला घेतं? मसाल्याचा सीझन मार्च ते मे, ऊन कडक झालं की. म्हणून २०२२ च्या मार्चमध्ये पुन्हा केलं पण बूस्ट नाही, ॲड मॅनेजरमध्ये बसून (तिथं जाहिरात कुणाला दाखवायची ते नीट ठरवता येतं), मुलाला शेजारी घेऊन. फक्त पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नवी मुंबई, कारण आमच्याकडची नोकरीला गेलेली माणसं तिथं आहेत, वय तीस ते पंचावन्न, आणि बटण दाबलं की सरळ आमचं व्हॉट्सॲप उघडेल अशी जाहिरात. चित्र म्हणून आत्यांचं तेच रील. दोन हजार रुपये आणि वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे दोन हजार तीनशे साठ. शहाण्णव जणांनी चॅट उघडला, बऱ्याच जणांनी फक्त 'हाय' करून सोडून दिलं, एकवीस ऑर्डरी झाल्या, सरासरी एकेक किलोच्या.

हिशेब करायला बसलो तर एका ऑर्डरीमागे जाहिरातीचे ११२ रुपये. आमची किलोला किंमत तेव्हा ६४०, सगळा खर्च जाऊन हातात राहतात १४०. म्हणजे एवढी उठाठेव करून ऑर्डरीला अठ्ठावीस रुपये. हे म्हणाले, ह्यापेक्षा मजुरीला गेलेलं बरं. मला पण तसंच वाटलं. पण पुढच्या सीझनला वही उघडून बघितली तर त्या एकवीसपैकी तेरा जणींनी परत मागवली होती, एकीने तर सात किलो, आणि त्याला जाहिरातीचा एक रुपया लागला नव्हता. म्हणजे त्या ११२ रुपयांत आपण एक किलो मसाला विकत नाही तर एक गिऱ्हाईक आणतो, आणि ते टिकलं तरच फायदा. पहिला घाणा खराब गेला तर ११२ रुपये गटारात. हे गणित मला कुठल्या व्हिडिओत कळलं नसतं, वही होती म्हणून कळलं.

वहीचं राहिलंच की. प्रत्येक नवीन गिऱ्हाइकाला मी एक प्रश्न विचारते, आमच्याबद्दल कुठून कळलं? उत्तर वहीत. २०२२ च्या सीझनला २१२ नवीन गिऱ्हाइकं, त्यात १२४ जण ओळखीतून, कुणाच्या बहिणीकडे आमटी खाल्ली, कुणाच्या ऑफिसच्या डब्यात उसळ होती. ४७ ॲडमधून, २३ गुगलवरून, १८ इन्स्टावरून. मी सहा महिने इन्स्टासाठी मर मर मेले होते आणि गिऱ्हाइकं येत होती डब्यातून.

मग जाहिरातीचे निम्मे पैसे काढून आम्ही पन्नास ग्रॅमची पुडी सुरू केली. प्रत्येक पार्सलमध्ये एक जास्तीची, वर लिहिलेलं 'ही शेजारणीला द्या, विक्रीसाठी नाही', आणि आमचा नंबर. पुडी आम्हाला अठ्ठावीस रुपयांना पडते. आत्यांना हे फार पटलं कारण नवीन चटणी झाली की शेजारी वाटी द्यायची हे त्या आयुष्यभर करतच आल्यात. मी त्याला सॅम्पलिंग म्हणते, त्या म्हणतात वानवळा.

गुगलवर धंद्याची नोंद करणं हे पण फुकट, पत्ता खरा आहे का बघायला आम्हाला पोस्टाने कार्ड आलं होतं त्यावर कोड. आमच्या पोस्टमनने ते जाहिरात समजून दोन आठवडे त्यांच्या पिशवीत ठेवलेलं. नोंद झाली, पण नकाशावर पिन मी घाईत टाकली ती नेमकी शेजारच्यांच्या गोठ्यावर. कराडहून एक जोडपं गाडी घेऊन आलं आणि म्हशींपुढे उभं राहिलं, वर फोन करून विचारतात, दुकान कुठाय. शेजारचे तात्या अजून ऐकवतात. एकाने सल्ला दिला होता की नावातच 'सांगलीतील नंबर एक कांदा लसूण मसाला' असं घुसडा म्हणजे वर दिसाल. मी नाही केलं, धंद्याचं जे खरं नाव आहे तेच तिथं लिहायचं असा गुगलचा नियम आहे, तक्रार झाली तर नोंदच जाते. त्यापेक्षा खालच्या माहितीत लोक जे शब्द शोधतात ते सगळे लिहिले, कांदा लसूण मसाला, घाटी मसाला, वर्षाचा मसाला, आणि हेच परत रोमन लिपीत पण, कारण बहुतेक लोक मराठी शब्द इंग्रजी कीबोर्डवरच टाइप करतात. मुंबईकडचे लोक ह्याला घाटी मसाला म्हणून शोधतात हे माहीत झाल्यावर दिराला राग आला होता. म्हटलं राग राहू दे, शब्द लिही.

रिव्ह्यू मागायला लाजू नये एवढंच सांगेन. फक्त नातेवाइकांकडून एका संध्याकाळी पंधरा रिव्ह्यू लिहून घेऊ नयेत, सगळे 'खूप छान' आणि सगळ्यांचं आडनाव एकच, आम्ही केलंय हे. एकदा एका बाईंनी एक तारा देऊन लिहिलं, मसाला खारट आहे, पैसे वाया. आत्या भडकल्या, "तिची आमटी खारट झाली आसंल, आमच्या नावावर कशाला?" मी उत्तर लिहायला बसले, चांगलं झोंबणारं, आणि मग म्हटलं आधी बॅच नंबर विचारूया. त्याच बॅचचं पाकीट घरी होतं, फोडून आमटी केली. खारट! त्या दिवशी मीठ मीही घातलं होतं आणि जाऊबाईंनीही. त्या बॅचची ज्यांना ज्यांना गेली होती त्या सगळ्यांना मेसेज करून सांगितलं की आमटीत वरून मीठ घालू नका, नाहीतर परत पाठवा, नवीन देतो. सहा जणींनी बदलून घेतलं. त्या बाईंना नवीन पाकीट पाठवलं आणि रिव्ह्यूखाली लिहिलं, तुमचं बरोबर आहे, चूक आमची. त्यांनी तारा बदलला नाही. असू दे. पण नंतर दोघी-तिघींनी सांगितलं की तो रिव्ह्यू आणि उत्तर वाचूनच ऑर्डर केली.

नंबर सगळीकडे टाकला की नको ते फोन पण येतात. गुगलवर पहिल्या नंबरला आणतो म्हणणारे आठवड्याला दोन तरी. आणि एक म्हणाला सैन्यातून बोलतोय, कॅन्टीनला चाळीस किलो पाहिजे, पैसे आधी देतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे तुमच्या खात्यात येतील. आत्या तर आनंदाने मिरची मोजायला लागल्या होत्या. पैसे घ्यायला आपल्याला कधीच स्कॅन करावं लागत नाही आणि पिन तर मुळीच टाकायचा नसतो, पिन फक्त द्यायला लागतो, एवढं मला माहीत होतं म्हणून वाचलो. आमच्याच ओळखीच्या एका पापडवाल्या ताईंचे असेच अठरा हजार गेले.

कुरिअरचं एकच सांगते, मापाचं वजन म्हणून प्रकार असतो, खोक्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले पाच हजार. आमचं खोकं तीस बाय वीस बाय पंधरा होतं, आत माल एक किलो, पैसे दोन किलोचे लागायचे. छोटं खोकं करून घेतलं. वेबसाइटवर मी फार बोलत नाही कारण आमची एकाच पानाची आहे, तिच्यावर फोटो, भाव आणि व्हॉट्सॲपचं बटण. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, मात्र आपल्या स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावावर घ्या, आणि पेजचे पासवर्ड पण. एजन्सी सोडली तेव्हा आमचं पेज परत मिळवायला तीन आठवडे फोन करावे लागले.

यंदा दीर म्हणत होता की एवढं नाव झालंय तर त्याच नावाने लोणचं पण काढूया, घरच्या कैऱ्या आहेत. मी लगेच बघायला लागले, लोणचं ट्रेडमार्कमध्ये एकोणतीस नंबरच्या वर्गात जातं म्हणजे वेगळी फी, बरणीचं लेबल वेगळं, काच पाठवायची तर खोकं वेगळं. डिझाइनवाल्या पोराला फोन पण लावला. आत्या ओसरीवर मिरच्या पसरत होत्या, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"माझं लोणचं तिसऱ्या महिन्यात मऊ पडतंय. कशाला?"

पोराला म्हटलं, राहू दे.